हिनभर तेल, दौंडच्या मापानं

मला बघायला मुलगा आला होता, पण बोलत होता त्याचा बाप. दौंडच्या मालधक्क्यावर बाबू, तिथल्या चर्चच्या मंडळीत वडील म्हणजे कारभारी, आणि स्वतःच्या मते पवित्र शास्त्रातला शेवटचा शब्द. बाजारात लिटर नुकतंच आलं होतं. आमच्या शिरूरच्या बायका अजून शेर-पावशेरातच दूध मागत, पण या गृहस्थांनी बायबलातली, मोशेच्या काळातली सगळी इब्री मापं लिटरमध्ये बसवून टाकली होती. बथ किती, हिन किती, लोग किती, सगळं तोंडपाठ. कुणी विचारत नसे, तरी ते सांगत.

मुलगा मात्र मला आवडला होता. नाताळानंतरच्या मेळाव्यात तो आमच्या पंगतीला वाढायला होता, आणि जेवणं उरकल्यावर आम्ही भांडी विसळत बराच वेळ बोललो होतो. मी संडेस्कूलला शिकवते याचं त्याला कौतुक वाटलं. याच्याशीच लग्न करायचं हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं, म्हणूनच त्या दिवशी बापाची बडबड ऐकत मुकाट्यानं उभी होते.

बशीत चहा ओतता ओतता बापानं परीक्षा सुरू केली.

"अभिषेकाच्या तेलात जैतुनाचं तेल किती?"

"एक हिन."

"म्हंजी लिटरात?"

मिशनच्या जुन्या पुस्तकात हिन म्हणजे सुमारे चार शेर असं छापलेलं होतं. आमचा शेर लिटरपेक्षा लहान, हे घरच्या दुधावरून मला माहीत होतं.

"साडेतीन," मी म्हणाले.

"पावणेचार!" त्यांनी बशी दाणकन ठेवली. "आन् म्हणं संडेस्कूलला शिकवतीस!"

त्यांनीही तेच चार शेर वाचले होते. फक्त ते त्यांनी, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, दौंडच्या त्यांच्या गवळ्याच्या शेरानं मोजले होते. त्या काळी गावोगाव शेर निराळा असे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांचा मोठा, आमचा लहान, आणि दोन्हींशी मोशेचा काडीचा संबंध नाही. देवाचं माप गवळ्याकडून ठरवून आणलेल्या या विद्वानाला हे सांगणार कोण? मीच सांगितलं. आईनं डोळे वटारले.

"आबा, मोजूनच बघू की," मुलगा उठत म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी धावत जाऊन शेजारच्या तेलवाल्या चाचांकडून सरकारी शिक्क्याचं नवं लिटरचं माप मागून आणलं.

घरातला पितळी शेर घेऊन त्यानं चार शेर पाणी पातेल्यात भरलं. मग ते लिटरच्या मापानं बादलीत ओतायला लागला. तीन मापं काठोकाठ भरली. चौथं निम्म्यावर राहिलं आणि पातेलं संपलं. त्यानं ते तिरकं करून शेवटचा थेंबसुद्धा निथळवला. मग माझ्याकडे बघून तो गालात हसला.

बाप खुर्चीतून हलला नव्हता. वाकून बघण्याचीही तसदी त्यानं घेतली नाही. "काय रं," त्यानं विचारलं, "पावणेचार ना?"

मुलानं हातातल्या निम्म्या मापाकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं.

"व्हय आबा. पावणेचार."

बापाची मला चीड आली होती. याची किळस आली. बाप निदान स्वतःच्या मूर्खपणावर मनापासून विश्वास ठेवून बसला होता. मी मुलाच्या हातातून माप काढून घेतलं, पाणी बादलीत रिकामं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मला हा मुलगा नको."

बाप टोपी चढवून तरातरा निघाला. मुलगा ओल्या हातांनी त्याच्या मागोमाग गेला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

आई कपाळाला हात लावून बसली. "अगं बये, पाव लिटर पाण्यापायी सोन्यासारखं स्थळ घालवलंस?"

"पाव लिटरच होतं आई," मी म्हणाले. "तेवढ्यासाठीसुद्धा त्याचं तोंड उघडलं न्हाई. उद्या माझ्यासाठी काय उघडणार होतं?"

मी चाचांचं माप धुतलं, पुसलं आणि परत देऊन आले.