राँग नंबर म्हणून ठेवलेला फोन

तो फोन मी स्वतःच तोडला, हे आधी सांगून टाकते.

भातकापणीच्या दिवसांत माझ्या नवऱ्याला पोलिसांनी नेलं. बांधावरून चुलतभावाशी भांडण झालं आणि चुलतभावाचं डोकं फुटलं. मी त्या दिवशी मुलीकडे अंबरनाथला होते. कोण म्हणतं, काठी ह्यांनी घातली. कोण म्हणतं, तो आपोआप दगडावर पडला. आमच्या खरवईत चार साक्षीदार आणि पाच हकिगती. मला ते ह्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. कोर्टात बघितलं तेव्हा आजूबाजूला माणसंच माणसं, विचारणार कसं? वकील म्हणाला, जेलमधून आठवड्याला एक फोन करता येतो, पाच मिनिटं. त्यांनी तुमचा नंबर लिहून दिलाय. पोलीस खात्री करतील, मग फोन सुरू होईल.

एका दुपारी तांदूळ पाखडत होते. अनोळखी नंबर, पुरुषाचा आवाज. त्याने एका बाईचं नाव घेतलं. "त्याच बोलताय का?"

"अशी कोणी इथे राहत नाही. राँग नंबर," म्हटलं आणि ठेवला.

माझ्याजवळ राहणाऱ्या नातीने बजावलंय, अनोळखी माणूस नावगाव विचारायला लागला की कट करायचं, ते लुटतात. संध्याकाळी मी तिच्याकडून शाबासकीसुद्धा घेतली.

तीन आठवडे गेले तरी जेलमधून फोन नाही. मग उल्हासनगरला वकिलाकडे गेले. तो सिंधी, मराठी बोलतो, पण चिडला की हिंदीत.

"माई, नंबर रिजेक्ट है! पुलिसने फोन किया, आपने ही राँग नंबर बोला."

"मी कशाला बोलेन?"

त्याने जेलच्या कागदावरचं पत्नीचं नाव वाचलं. "ये आप नहीं हो?"

"होते," मी म्हणाले.

ते माझं माहेरचं नाव. चौथीपर्यंत पाटीवर तेच गिरवलं. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने दुसरं नाव लिहिलं आणि पहिलं संपलं. आईवडील गेल्यावर ते घेणारंच कोणी उरलं नाही; फोनवर ऐकलं तेव्हा ते माझंच, हे मलाही सुचलं नाही. रेशनकार्डावर, आधारवर, सगळीकडे दुसरं. ह्यांनी तर दोन्हींतलं एकही कधी घेतलं नाही. पन्नास वर्षं नुसतं "अगं". माझं माहेरचं नाव ह्यांना आठवत असेल, असंही मला कधी वाटलं नव्हतं.

मग तिथे तेच का लिहिलं? मारामारीत ह्यांच्या डोक्यालाही काही लागलं की काय, असंही मनात आलं.

वकिलाने स्टँपपेपर केला, की दोन्ही नावांची बाई एकच. खाली सही करताना माझा हात थांबला. कुठल्या नावाने करू? "कोई भी करो, माई, जल्दी करो," तो म्हणाला. मी आधारवरच्या नावाने केली.

पोलिसाचा पुन्हा फोन आला. या वेळी मी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच "हो, हो, मीच" म्हणाले. तो हसला.

पुढच्या आठवड्यात ह्यांचा फोन आला.

"अगं."

"बोला."

"वालाला शेंगा धरल्या का?"

"धरल्या. तुम्ही ते नाव का दिलंत?"

"कुठलं?"

"माझं. माहेरचं."

मागे कोणीतरी ओरडत होतं. मग म्हणाले, "साहेबाने विचारलं, बायकोचं नाव काय. तोंडात आलं ते सांगितलं."

"तुम्हीच तर बदललंत."

"आईने सांगितलं ते लिहिलं. मला कोणी विचारलं?"

"मग इतकी वर्षं कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? तू समोरच असायचीस. गोळ्या घेतेस ना बीपीच्या?"

"माझ्या गोळ्यांचं राहू द्या, मला सांगा..." आणि फोन बंद पडला. पाच मिनिटं संपली होती.

नात शेजारीच कान लावून बसली होती. "आजी, विचारलंस? काठी आजोबांनीच मारली का?"

"राहिलं."

"अगं, तेच तर विचारायचं होतं! मग एवढा वेळ बोललात काय?"

"वालाचं," मी म्हणाले आणि उठले.