छातीतली शिट्टी

आमच्या वन्सं दात बनवतात आणि त्या दातांवर गल्लीतली मांजरं जगवतात. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणाऱ्या एका छोट्या कारखान्यात त्या कामाला आहेत. कारखाना म्हणजे तीन खोल्या, एक भट्टी आणि टेबलावर ओळीनं मांडलेले लोकांचे प्लास्टरचे जबडे. गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, वाकडा वाटला तर काढून पुन्हा बसवायचा, हे त्यांचं काम. पगार घरात देतात. काम सुटल्यावर थांबून ज्या जास्तीच्या कवळ्या करतात, त्यांचे पैसे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे जातात. एक कवळी म्हणजे एका मांजरीचं नसबंदीचं ऑपरेशन, पाय मोडलेला असेल तर दोन कवळ्या. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. वन्सं दात कोरूनच अख्ख्या गल्लीची पोटं भरतात, असं मी त्यांना तोंडावर म्हटलंय, आणि त्या हसल्याही आहेत.

मला मांजर आवडत नाही. पण आमच्या घरात मांजराला बंदी आहे ती माझ्यामुळे नव्हे. आमच्या ह्यांना लहानपणापासून दमा. सासूबाई कामावर गेलेल्या असायच्या, आणि दहा-अकरा वर्षांच्या वन्सं धाकट्या भावाला भिंतीशी टेकवून बसवायच्या, त्याच्या पाठीला कान लावून. लग्न होऊन मी आले तेव्हा त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, "शिट्टी वाजतेय तोवर घाबरू नकोस. हवा आत-बाहेर होतेय म्हणून ती वाजते. पाठ हलतेय आणि शिट्टी बंद झाली, तर मात्र धावत सुटायचं." त्यातलं पहिलं वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. दुसरं विसरून गेले. ते विसरावंसं वाटण्यासारखंच होतं.

तर ह्यांची अट अशी होती: "ताई, बाहेर काय करायचं ते कर. उंबऱ्याच्या आत एक जरी मांजर आलं, तर मात्र..." पुढचं वाक्य ते कधी पुरं करत नसत. वन्संचा जीव त्या अर्धवट वाक्याला टांगलेला असायचा. बाहेरून आल्या की कपडे न्हाणीघरात उतरवायच्या, हात कोपरापर्यंत धुवायच्या, मगच भावाच्या जवळ जायच्या. लोकांना वाटायचं, ही बाई कशालाच घाबरत नाही. फिसकारणाऱ्या बोक्याला मानेला धरून उचलते. मी रोज बघत होते ना. घरात पाऊल टाकताना त्यांचा चेहरा बघायला हवा होता.

त्या महिन्यात ह्यांचा दमा फारच वाढला. डॉक्टरांनी पंप वाढवून दिला, खिडकी दिवसरात्र उघडी ठेवा, हवा खेळती राहू दे म्हणाले. दोष आम्ही प्लास्टरच्या भुकटीला दिला. वन्सं रोज संध्याकाळी केस धुवायला लागल्या, तरी फरक पडेना. हे बस डेपोतून रजा घेऊन मागच्या खोलीत खिडकीखालच्या दिवाणावर पडून असायचे. छाती वाजायचीच, पण त्या घरघरीच्या वर एक बारीक, पातळ शिट्टी यायची. थांबायची, पुन्हा यायची. "माझ्या छातीत कोणीतरी पिपाणी घेऊन बसलंय," हे म्हणायचे. मी हसायचे आणि पंप त्यांच्या उशाशी सरकवायचे.

आमचं घर तळमजल्यावर. मागच्या बोळात वन्सं ज्यांना खाऊ घालायच्या त्यांत एक नवीन मांजर आली होती. लांब केसांची, सदा गुंता झालेली, म्हणून तिचं नाव झिपरी. डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकाच दिवशी अर्ध्या पैशांत ऑपरेशन करतात, आणि वन्संची कवळी नुकतीच पुरी झाली होती. आदल्या संध्याकाळी त्यांनी पिंजरा लावला. झिपरी आत गेली, दार पडलं, वन्संनी लगेच वर चादर टाकली. अंधार केला की जनावर शांत होतं. पोट बघितल्याशिवाय पिंजरा उचलायचा नाही, हा वन्संचा स्वतःचा नियम. त्यांनी बघितलंही होतं, पण त्या केसांच्या जंजाळात काही दिसलं नाही.

त्या रात्री पिपाणी थांबेचना. मी ह्यांची पाठ चोळत बसले होते. पहाटेकडे तर मी शेजारच्या गॅरेजवाल्याला गाडी काढायला सांगणार होते. वाजतेय तोवर घाबरायचं नाही, हे मनात घोकत कशीबशी सकाळ केली.

दुपारी मी भाजी चिरत होते. वन्सं अवेळी घरी आल्या. नखांत गुलाबी मेण तसंच. चपलाही काढल्या नाहीत.

"डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ऑपरेशन झालं," त्या म्हणाल्या. "झिपरीला दूध आहे गं. तीनेक आठवड्यांची पिल्लं असणार. काल संध्याकाळपासून उपाशी आहेत कुठेतरी. आज रात्र काढणार नाहीत."

मला मांजर आवडत नाही हे मी सांगितलंच. तरीही विळी बाजूला सारून उठले. वन्संना बॅटरीचं बटण सापडेना. मेणात दात बसवणारी ती बोटं मी कधी अशी चुकताना बघितली नव्हती.

आम्ही बोळातली खोकी उलटी केली, पाण्याच्या टाकीमागे बॅटरी मारली. गॅरेजवाल्यानं एकेका गाडीचं बॉनेट उघडून दाखवलं. तो चांगला माणूस, पण तोंडाचा फाटका. "आवाज तर कुठूनच येत नाही, बाई," तो म्हणाला. वन्संनी त्याच्याकडे बघितलं. "पिल्लं दोनदाच गप्प असतात," त्या म्हणाल्या, "पोट भरलेलं असलं की, नाहीतर ताकद संपली की." त्यानंतर तो नुसता वाकून वाकून शोधत राहिला.

मला दुसरीच धास्ती. घरात हे एकटे होते. मी दर थोड्या वेळानं आत जाऊन बघून यायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा शिट्टी वाजत होती, पण अगदी बारीक. दुसऱ्यांदा गेले तेव्हा क्वचित. हे वैतागून छातीवर थाप मारत म्हणाले, "गप्प बस की आता." तिसऱ्यांदा गेले तेव्हा दिवेलागण होत आली होती. खोलीत शांत होतं. ह्यांचा डोळा लागला होता. पिपाणी बंद. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच दिवाणाच्या कडेला मिनिटभर बसले आणि मग वन्संना सांगायला गेले.

त्या टाकीमागे गुडघ्यांवर होत्या. "निदान ह्यांची काळजी तरी सोडा," मी म्हटलं. "शिट्टी बंद झालीय."

वन्संनी मान वर केली. "पाठ हलतेय?"

"हलतेय की. चांगली जोरात."

त्यांच्या हातातली बॅटरी पडली. मला विसरलेलं वाक्य तेव्हा आठवलं. त्या पुढे धावत होत्या, मी मागे. हात धुतले नाहीत, कपडे बदलले नाहीत, तशाच आत शिरल्या आणि ह्यांच्या पाठीला कान लावला.

"ताई?" हे दचकून जागे झाले.

"बोलू नकोस. श्वास घे."

मी दाराशी उभी. वन्सं डोळे मिटून ऐकत होत्या. किती वेळ गेला देव जाणे.

"घरघर आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "जाड शिट्टीही आहे, नेहमीची. बाळ्या, तुझी छाती पातळ कधीच वाजत नव्हती रे."

मग कोण वाजत होतं? आम्ही तिघांनी एकदमच खाली बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ही म्हण मी आयुष्यभर हसत वापरली होती.

हे उठले. वन्संनी गादी ओढून काढली आणि दिवाणाची फळी उचलली. आतल्या जुन्या रजईत झिपरीच्या केसांचा गोळा होता, आणि त्यात तीन पिल्लं. भिंतीकडची मागची फळी कोपऱ्यात मोडली होती. खिडकी आम्हीच उघडी ठेवली होती, हवेसाठी.

वन्संनी तिन्ही उचलली. "गार पडलीत," त्या म्हणाल्या. पण फळीबरोबर ती धूळ, ते केस, सगळं वर उडालं होतं, आणि हे भिंतीला धरून वाकले. तोंड उघडं, मान ताणलेली. हा खरा झटका होता. मी इतक्या वर्षांत असा बघितला नव्हता.

वन्संच्या ओंजळीत ती तीन, आणि समोर भाऊ. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"धर. कापडात नको गुंडाळू, अंगाला लाव." ओंजळ माझ्या हातात रिकामी करून त्यांनी पंप उचलला, ह्यांना काखेत धरलं आणि बाहेर पायरीवर नेलं.

मी जमिनीवर बसले आणि तिन्ही ब्लाउजच्या आत, छातीशी धरली. ओल्या फडक्यात बांधून ठेवलेल्या भाजीसारखी गार, ओलसर. बाहेरून काही ऐकू येत नव्हतं. ह्यांचा आवाज नाही, वन्संचा नाही. माझ्या हनुवटीखालीही काही नाही. सगळं घर गप्प. मला त्या वेळी शिट्टी हवी होती. कोणाचीही चालली असती.

आधी बाहेरची आली. जाड, खरखरीत, किळसवाणी. मी रडायलाच लागले. मग माझ्या गळ्याखाली एक पातळ आली. थोड्या वेळानं दुसरी.

तिसरी आलीच नाही. मी ते पिल्लू किती वेळ चोळलं ते विचारू नका.

गॅरेजवाल्यानं गाडी काढली आणि मला पिल्लांसकट डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेलं. झिपरी गुंगीतच होती. दोघांना हुंगलं, चाटलं आणि टाके असलेली कूस तशीच पसरून आडवी झाली.

परत आले तेव्हा बहीणभाऊ अजून पायरीवरच बसलेले. वन्संचा हात ह्यांच्या पाठीवर.

"बाळ्या, उंबऱ्याच्या आत आलं होतं मांजर," वन्सं म्हणाल्या. "मी दुसरीकडे खोली बघते."

"आणि माझी पाठ कोण ऐकणार?" हे म्हणाले. हातातला पंप उलटसुलट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी त्यांना गप्प बस म्हटलं, ताई. आणि ती खरंच गप्प झाली, तेव्हा मला इतकं बरं वाटलं."

मलाही वाटलं होतं. 

वन्सं आमच्याकडेच आहेत. झिपरी आणि तिची दोन पिल्लं कारखान्याच्या प्लास्टरच्या खोलीत असतात. मालक कुरकुरतात, पण दूध तेच आणतात. दिवाणाची फळी ठोकून घेतली, खिडकीला जाळी लावली. ह्यांची छाती आता स्वच्छ आहे, डॉक्टर खूश आहेत.

परवा दुपारी मी बाहेरून आले तर घर अगदी शांत होतं. पिशवी तशीच हातात घेऊन मागच्या खोलीत गेले, तर हे दिवाणाशेजारी जमिनीवर पालथे पडलेले. मी हाक मारणार, तोच त्यांनी हात वर केला.

"थांब, बोलू नकोस," ते म्हणाले. "ऐकतोय."

दिवाणात आता काहीच नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसून ऐकायला लागले.