मामाचे बगळे
परवा शेजाऱ्यांनी गुलाबांवर कीटकनाशक फवारलं आणि त्या उग्र वासासरशी मी थेट सोलापूरच्या हिप्परगा तलावावर, मामाच्या शेजारी जाऊन पालथी पडले. सत्तरच्या दशकात मामाला पक्ष्यांचं वेड होतं आणि मला विमानांचं. पण दोघांची रीत एकच, डोळ्यांना दिसायच्या आधी नुसत्या आवाजावरून नाव सांगायचं. त्या हिवाळ्यात मामा रोहित पक्ष्यांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, मागावर होता. "तोंड उघडलंस तर पुन्हा आणणार न्हाय," असा दम देऊन त्यानं मला गवतात झोपवलं होतं. पलीकडच्या काठावर पांढऱ्या पक्ष्यांची रांग उभी होती. मी बोट दाखवलं. मामानं दुर्बीण न उचलताच निकाल दिला, "बगळे हायत ते." तेवढ्यात लांबून घरघर ऐकू आली आणि मी तो दम, तो मामा, सगळं विसरून उभी राहून ओरडले, "फवारणीचं विमान!" उसावर औषध मारणारं ते पिवळं विमान काठावरून अगदी खालून गेलं, तसे मामाचे सगळे बगळे एकदम उडाले आणि त्यांचे पंख उघडले ते चक्क गुलाबी, लालभडक! मामा ताडकन उठला आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं बोंबलला, "रोहित! अगं, रोहित हायत की गं!" पुढचं तो अजूनही कुणाला सांगत नाही, म्हणून मी सांगते: पुढच्या रविवारी पहाटे तोच माझं पांघरूण ओढत हळूच म्हणाला, "ऊठ की गं. आज तुझं इमान यील न्हवं?"