मारोतरावाचा पाट

मारोतराव मानूस म्हनून मले कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो आता नाही, तरी माझं मत बदललं नाही.

बेल्लमपल्लीत बस स्टँडच्या मांगं माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मारोतराव कोळशाच्या खानीवरच्या ल्याम्प रूममंधी होता. खानीत उतरनाऱ्या दर मानसाच्या टोपीले दिवा असते अन् कंबरेले त्याची बॅटरी असते. ते तपासून खिडकीतून द्यायचं त्याचं काम. गडी तलमडुगु गावाकडला, कापूस-ज्वारीवाल्या घरचा, पन वावरात जीव नाही. जीव सारा गिटारीत. मंचेरियलचे सुधाकरराव ऑर्केस्ट्रा चालवत, त्यात हा बारा वर्सांपासून सुट्टीच्या दिवशी वाजवत जाय.

दिवा तीनदा तपासल्याबिगर तो खिडकीतून देत नसे. मांगं पन्नास मानसं शिव्या देत उभी, अन् हा आपला काच पुसून राह्यला, वायर ओढून पाहून राह्यला. ल्याम्प रूममंधी ते ठीक हाये. अंधारात उतरनाऱ्याचा जीव असते त्या दिव्यावर. पन तीच खोड घेऊन मानूस दुसऱ्याच्या दुकानात येऊन बसत असन, तर त्याले काय म्हनावं तुमीच सांगा.

एकोननव्वद सालची गोष्ट. पोळ्याच्या आधी तो दुकानात आला. काखेत दोन लाकडी पाट. लग्नात नवरा-नवरी बसवतात ना, तसले. त्याची बायको तुळजाबाई, तिच्या माहेरचे होते ते.

"चंपतराव," तो मले म्हने, "हे दोन पाट जोडायचे अन् यांच्यावर तीन पेट्या बसवायच्या. पायानं दाबलं का गिटारीचा आवाज बदलला पायजे."

"काऊन? हाये तो आवाज काऊन चालत नाही?"

"सुधाकरराव क्यासिओ घेऊन राह्यले," तो म्हने.

क्यासिओ म्हंजे ते बटनाबटनांचं चपटं यंत्र. एक बटन दाबलं का बासरी, दुसरं दाबलं का सारंगी. सुधाकररावानं त्याले तोंडावर सांगितलं होतं का सिनेमातली गिटार फाटते, थरथरते, रडते, अन् तुमची नुसती टिंग टिंग करते. बेल्लमपल्लीच्या गनपतीतला कार्यक्रम शेवटचा. त्यात एक गानं जरी फिकं गेलं तर गिटार बंद, क्यासिओ चालू. मारोतरावाले पोरबाळ नव्हतं, पत्त्याचा नाद नव्हता, चहाबी तो मोजून पेत असे. गिटार गेली तर ल्याम्प रूमची खिडकी तेवढी राहनार होती, हे मले तवाच कळलं होतं. म्हनून काम घेतलं. कीव आली असं नाही म्हनत. काम नवीन होतं, अन् मले माझ्या हाताचा गर्व होता.

तीन पेट्या अशा. पयली दाबली का आवाज फाटला पायजे. ती म्या जुन्या रेडिओतले दोन ट्रान्झिस्टर काढून बनवली. दुसरीनं आवाज थरथरते. तिसरी रडवनारी. शिलाई मशीनीच्या मोटारीले पायानं दाबायचं जे असते, त्याच्या पोटात रेडिओचं आवाज कमी-जास्त करायचं बटन बसवलं. पाय खाली नेला का गिटार तोंड उघडे, वर घेतला का मिटे. पयल्या दोन पेट्यांले लोखंडी डिपर लावले. जुन्या ट्रकात ड्रायव्हरच्या पायाखाली लाइट खाली-वर करायचं बटन असते, तेच ते. भंगारवाल्याकडून आनले. एवढं डोस्कं कोनी चालवलं असतं बेल्लमपल्लीत? पन मारोतरावाच्या तोंडून एक शब्द चांगला निघन तर शपथ.

रोज ड्युटी सुटली का तो यायचा. स्टुलावर बसून माझ्या हाताकडं पाहत राह्यचा. "हा सोल्डर सैल हाये." "ही वायर पायात येते." "हा खिळा वर आला." एक दिवस तर दुकानात चार गिऱ्हाइकं होती, अन् यानं स्पीकरले कान लावला अन् म्हने, "घरघर हाये. पुन्हा करा." म्या पुन्हा केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन वेळा, भाऊ. तिसऱ्यांदा एक गिऱ्हाईक हसून म्हने, "चंपतराव, आमच्या रेडिओतबी ही घरघर तुमीच घालता का?" सारं दुकान हसलं. मारोतराव हसला नाही. तो हसला असता तर निदान भांडता आलं असतं.

खरं भांडन झालं ते करंटावरून. त्यानं ल्याम्प रूमच्या दोन बॅटऱ्या आनल्या होत्या. कंपनीनं मोडीत काढलेल्या, लिलावात रीतसर घेतलेल्या. त्यांच्यावर पाट चालवा म्हने. म्या म्हटलं, माझ्या हातचा ट्रान्सफार्मर लावतो, भिंतीतून सरळ करंट घ्या, बॅटरी मधातच बसली तर काय करसान?

"नाही बसत. मी रोज हजार बॅटऱ्या पाहतो," तो म्हने. "अन् गनपतीपुढं मी चप्पल घालत नाही. अनवानी पाय विजेच्या पेटीवर ठेवनार नाही."

"वाह रे न्याय. वाद्याले पाय लावता ते चालते, अन् चप्पल चालत नाही?" म्या मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. गिऱ्हाइकं होतीच.

"पाय लावतो म्हनून आधी पाया पडतो," तो म्हने. अन् खरंच त्यानं वाकून पाटाले हात लावला, तो कपाळाले लावला, अन् बॅटऱ्या माझ्या टेबलावर ठेवून चालता झाला. लोकाईले त्याचं पटलं. माझं तोंड पडलं.

त्या दिवशी माझ्या मनात बसलं का याची अकड मोडायची. खोटं काऊन बोलू, बॅटऱ्या ठनठनीत होत्या. म्या मोजून पाह्यल्या होत्या. तरी त्या बाजूले ठेवल्या अन् पाटाखाली ट्रान्सफार्मर बसवला. पेटीले टेस्टर लावला तर टेस्टरातला दिवा बारीक लाल दिसे. म्हंजे थोडा करंट पेटीवर उतरून राह्यला होता. मारनारा नाही, चावनारा. चपलेत काही कळलं नसतं. अन् मले तेच पायजे होतं का त्यानं चप्पल घालावी. साऱ्या गावापुढं, गनपतीपुढं, एकदा. बाकी काही नको होतं मले.

कार्यक्रमाच्या दिवशी म्या मुद्दाम उशीर केला. दिवाबत्तीच्या वेळेले पाट घेऊन मैदानात पोचलो तवा ढोलकवाला सूर लावून राह्यला होता, माइकवर नावं पुकारनं सुरू झालं होतं. मारोतराव पायऱ्यांजवळ उभा. त्याची नजर आधी पाटावर गेली, मंग पाटातून निघालेल्या वायरीवर, मंग माझ्यावर.

"बॅटरी?" त्यानं इचारलं.

"दुकानात. बसल्या होत्या त्या. आता वेळ नाही, चप्पल घालून वाजवा."

वरतून सुधाकररावानं हाक मारली, "मारोतराव, वाजवनार का क्यासिओवाल्याले बोलावू?" क्यासिओवाला मंचेरियलहून आलाच होता, पयल्या रांगेत पान खात बसला होता. मारोतरावानं पायऱ्यांखाली चपला काढल्या, जोडीनं नीट लावल्या, पाट उचलला अन् वर गेला.

धूळ बसावी म्हनून मंडळवाल्यांनी मैदानात पानी मारलं होतं, अन् मारता मारता स्टेजच्या फळ्याबी भिजवल्या होत्या. ते मले तवा दिसलं. तो वाकला, पाटाले हात लावला. हात झटकन मांगं आला. म्हंजे त्याले कळलं. तरी तोच हात त्यानं कपाळाले लावला अन् उभा राह्यला.

पयलं गानं सुरू झालं. डावा पाय ओल्या फळीवर, उजवा डिपरवर. ट्रकाचं बटन ते, अंगाचा भार दिल्याबिगर दबत नाही. त्यानं दाबलं अन् पाय गुडघ्यापर्यंत उसळला. कंबर एकीकडं गेली, खांदा दुसरीकडं. तारांतूनबी बोटांले झिनझिन्या येत असतील, पन बोटं जागची सुटली नाहीत. आवाज असा फाटला का पयल्या रांगेतला क्यासिओवाला पान चावायचा थांबला.

लोकाईनं शिटी वाजवली. त्याईले वाटलं हा नाचून राह्यला.

दुसऱ्यांदा दाबलं, पुन्हा उसळी. रडवनाऱ्या पेटीवर तर पाय ठेवूनच राहावं लागे. तिथी त्याचं सारं अंग हालत होतं, मान हालत होती, अन् गिटार अशी रडत होती का बाया तोंडाले पदर लावून पाहत होत्या. मांगून तेलुगू मानसं ओरडत होती, "मळ्ळी, मळ्ळी," म्हंजे पुन्हा, पुन्हा. सुधाकरराव हात वर करून टाळ्या वाजवून राह्यले होते. बारा वर्सं ज्या मानसाकडं कोनी पाह्यलं नव्हतं, त्याच्यावरून कोनाची नजर हटत नव्हती.

वायर माझ्या बाजूच्या बोर्डातून गेली होती. हात लांब केला असता तर निघाली असती. निघाली असती तर आवाज गेला असता, अन् आवाजासंग त्याची जागा. म्हनून ओढली नाही, असं म्या पुढं किती तरी लोकाईले सांगितलं. खरं म्हंजे पयल्या गान्यात मले मजा वाटली. दुसऱ्या गान्यापासून मी मोजू लागलो. पाच गान्यांत त्यानं एकोनचाळीस वेळा पाय ठेवला. एकदाबी माझ्याकडं पाह्यलं नाही.

गानी झाली. सुधाकररावानं माइकवर सांगितलं का आमच्या मारोतरावाचा नाच आता दर कार्यक्रमात. क्यासिओवाला उठून बस स्टँडकडं गेला. लोकं मारोतरावाले हार घालून राह्यले होते, अन् तो पायऱ्यांवर बसून चपला घालून राह्यला होता. उजव्या पायाची चप्पल त्याले लवकर घालता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर जाता जाता तो दुकानात आला. मी तयारीत होतो. रातभर मनात उत्तरं जमवली होती. बॅटरी खरंच बसली होती म्हनीन, वेळ नव्हता म्हनीन, एवढं झोंबत होतं तर चप्पल काऊन नाही घातली म्हनीन. त्यानं पाट टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही.

"करंट काढून द्या, चंपतराव," तो म्हने. "नाच आता मले येते."

एवढंच. संध्याकाळी येतो म्हनून गेला.

तो गेल्यावर म्या दुकानाचं अर्धं दार लोटलं. फरशीवर तांब्याभर पानी ओतलं, पाट खाली ठेवला, वायर लावली. चपला काढल्या. मी पंचवीस वर्सं करंटाशी खेळलेला मानूस, मले भेव नव्हतं. डिपरवर पाय ठेवला अन् भार दिला. करंट पिंढरीत चावला, पाय आपोआप वर आला, अन् मी टेबलाले धरून उभा राह्यलो. पुन्हा एकदा ठेवून पाहावं म्हटलं. पाय उचलला, पन खाली नेता आला नाही.

मंग ट्रान्सफार्मर काढला अन् त्याच्या बॅटऱ्या लावल्या. संध्याकाळी तो आला. ल्याम्प रूममंधी दिवे पाहतो तसं त्यानं एकेक बटन तीनदा दाबून पाह्यलं, वायर ओढून पाह्यली. म्या त्याची माफी मागाले तोंड उघडलं अन् निघालं भलतंच. म्हटलं, "घरघर हाये का?"

"नाही," तो म्हने. त्याच्या तोंडून माझ्या कामाबद्दल निघालेला तेवढा एकच चांगला शब्द.

शहान्नव साली ऑर्केस्ट्रा बंद पडला. तवर सात वर्सं तो दर गनपतीत, दर जत्रेत, साऱ्या जिल्ह्यात तसाच नाचला. तीच गुडघ्याची उसळी, तीच मान, तोच खांदा. बेल्लमपल्लीत कार्यक्रम असला का मी मांगं उभा राहून पाहत असे. करंट नव्हता, तरी त्यानं एक उसळी कमी केली नाही. नाच कुठी शिकले म्हनून लोकं त्याले इचारत. तो म्हने, बेल्लमपल्लीत शिकलो. कोनापाशी, ते त्यानं शेवटपर्यंत कोनाले सांगितलं नाही. सुधाकररावाले नाही, तुळजाबाईलेबी नाही. सांगितलं असतं तर मी चार शिव्या खाऊन मोकळा झालो असतो. त्यानं मले तेवढंबी दिलं नाही, म्हनून तो मले आवडत नाही.