जागेवरून उठायचं नाही

लॉकडाऊनमध्ये नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला आमचा आयरिश शेजारी बागेत लॅपटॉपवर आयर्लंडची पहिलीवहिली कसोटी पुन्हा बघायचा. त्या काळात नवी कसोटी त्यांच्या वाट्याला येतच नव्हती. मी कुंपणाअलीकडून बघायचे, व्हिडिओ कॉलवर पुण्याहून बाबा.

एकदा भागीदारी रंगली आणि शेजारी चहा करायला उठला.

"त्याला बसव," बाबा खेकसले. "विकेट पडेल."

मी वैतागले. मॅच जुनी, त्यात आयर्लंड हरलेलं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी मी निरोप दिला.

तो परत बसला. म्हणाला, "माझे वडीलही उठू द्यायचे नाहीत."

मग चहा मीच केला आणि कप कुंपणावर ठेवला. चहा गार झाला, पण विकेट पडेपर्यंत तो उठला नाही.