लोर्नाने जूनमध्ये विचारलेला प्रश्न

लोर्ना केस्किटालोने एकोणतीस हिवाळे आमच्या काउंटीत बर्फ काढायचा ट्रक चालवला. आवाज खणखणीत, पण भाषण म्हटलं की तिला दरदरून घाम फुटायचा. चर्चमध्ये कुणाचे आभार मानायला उभी केली तरी दोन वाक्यांत खाली बसायची. अशी बाई सदुसष्टाव्या वर्षी राज्याच्या विधानसभेसाठी उभी राहिली. तिचा नवरा वर्नर आधी हसलाच.

त्या वर्षी आमच्या पक्षाचा उमेदवार ठरल्यातच जमा होता. मिचेल त्रुदेल, चाळिशीतला वकील, बोलायला गोड, दिसायला नीटनेटका. पक्षातर्फे कोण लढणार हे ऑगस्टच्या प्रायमरीत मतदारच ठरवतात, पण मिचेलसमोर कुणी अर्जच भरला नव्हता. नोव्हेंबरातली दुसऱ्या पक्षाशी लढत मात्र अवघड होती. मागच्या खेपेला ती जागा आम्ही दीडशे मतांनी घालवली होती. त्यामुळे पक्षाची काउंटी अध्यक्ष डोरीन सेबाक सगळ्यांना बजावत फिरत होती, "मिचेलला उगाच दमवू नका. ताकद नोव्हेंबरसाठी राखा."

लोर्नाचं दुखणं वेगळं होतं. तिच्या गावचा, ऑटर बेचा दवाखाना चार वर्षांपूर्वी बंद झाला. तो बंद करायचं काउंटीच्या ज्या आरोग्य मंडळाने ठरवलं त्यात मिचेल होता, आणि त्याचाही हात वर गेला होता. पुढच्याच जानेवारीत हिमवादळात लोर्ना ट्रकने रस्ता मोकळा करत ॲम्ब्युलन्सच्या पुढे चालली होती, जवळच्या इस्पितळापर्यंत अडतीस मैल. मागच्या गाडीत गावातल्या कॅरल निएमीची लेक कळा देत होती. बाळ वाटेतच, लाकूड गिरणीपाशी जन्मलं. दोघंही वाचली.

"नशीब म्हणून वाचली," लोर्ना म्हणायची. "नशिबावर किती वर्षं काढायची?"

हे विचारायला ती मिचेलच्या दोन सभांना गेली. दोन्ही वेळा तो हसून "चांगला प्रश्न आहे" म्हणाला आणि रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल बोलत राहिला. मग एका सोमवारी ती आमच्या काउंटीच्या कचेरीत आली. तेव्हा निवडणुकीचे अर्ज मी घ्यायचो.

"लोर्ना, तू काही जिंकायची नाहीस," मी म्हणालो.

"ठाऊक आहे रे. पण उमेदवार म्हणून समोर उभी राहिले की त्याला उत्तर द्यावंच लागेल ना?"

त्याच संध्याकाळी डोरीनने फोन करून तिला झाडलं. "आपल्याच माणसाला पाडायला निघालीस? बुडवशील सगळ्यांना!"

जूनमध्ये अग्निशमन केंद्रात दोघांची पहिली जाहीर चर्चा झाली. एरवी मिचेलच्या सभेला पंधरा माणसं यायची. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या, कारण लोर्ना काय बोलते हे सगळ्यांना बघायचं होतं. हातातल्या कागदाकडे न बघता तिने सरळ विचारलं, "मिचेल, आमचा दवाखाना बंद करायला तू हात वर केलास. का?"

मिचेल लाल झाला. "तो मंडळाचा निर्णय होता... म्हणजे आकडे बघितले तर..."

"आकडा माझ्याकडेपण आहे. अडतीस मैल."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी सगळं फोनवर चित्रित करून घेतलं.

आठवड्याने मिचेल तिच्या घरी आला. ती अंगणात हिवाळ्यासाठी लाकडं रचत होती.

"लोर्ना, तुम्ही चारचौघांत माझी पार शोभा केलीत."

"मी नुसतं विचारलं. शोभा तुझी तू केलीस."

तो वाकून लाकडं उचलून द्यायला लागला. दवाखाना बंद करायच्या आधी अकरा महिने शोधूनही ऑटर बेला डॉक्टर मिळाला नव्हता, हे त्याने त्या दिवशी सांगितलं.

"हे तिथे का नाही बोललास?"

"घाबरलो."

"मग आत्ताच काय ते घाबरून घे. नोव्हेंबरात तुला कोण सोडणार आहे?"

त्यानंतरचे दोन शनिवार मिचेल ॲम्ब्युलन्सवाल्यांबरोबर फिरला. जुलैत रेडिओवर दुसरी चर्चा झाली तेव्हा तोच विषय त्याने आपणहून काढला. "हात मी वर केला होता. डॉक्टर नव्हता, हे खरं. पण ऑटर बेला ॲम्ब्युलन्स ठेवल्याशिवाय दवाखाना बंद करायला नको होता. तेव्हा मी ते मागितलं नाही. चूक माझी. आता मागणार आहे." लोर्नाने पुढचा प्रश्न लिहून आणला होता. तो तिने घडी करून खिशात टाकला.

ऑगस्टच्या प्रायमरीत मिचेल जिंकला, तिला शेकड्याला एकवीस मतं पडली. ती वर्नरला म्हणाली, "सुटले बाबा!" दुकानात लोक हात मिळवायला लागल्यापासून तिची झोप उडाली होती. चुकून जिंकलो तर राज्याच्या राजधानीत, लान्सिंगला जाऊन राहावं लागेल, भाषणं करावी लागतील, या धसक्याने.

पण ऑक्टोबरमध्ये टीव्हीवर विरोधकांची जाहिरात झळकली. तिच्यात लोर्नाचाच चेहरा, लोर्नाचाच आवाज: "आमचा दवाखाना बंद करायला तू हात वर केलास." पाठोपाठ मिचेलचा लालबुंद चेहरा. लोर्नाने जेवणाचं ताट बाजूला सारलं. डोरीन म्हणाली तेच खरं झालं, असं तिला वाटलं. दोन दिवस ती घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी माफी मागायला मिचेलच्या कार्यालयात गेली.

मिचेल सँडविच खात होता. "ती जाहिरात ना? बसा हो. काल लाकूड गिरणीत गेलो होतो. तिथला एकजण म्हणाला, 'हे तर लोर्नाने जूनमध्येच विचारलंय. तू उत्तरही दिलंस. आता नवीन काय?'"

"खरंच असं म्हणाला?"

"शप्पथ. आम्ही रेडिओवरचं माझं उत्तर पुन्हा ऐकवायला सुरुवात केलीय. लोर्ना, तुम्ही विचारलं नसतं ना, तर हा प्रश्न मला आत्ता पहिल्यांदा आला असता, तीन आठवडे उरलेले असताना. आणि मी परत 'आकडे, आकडे' करत बसलो असतो."

लोर्ना खुर्चीत बसली. त्याने सँडविचचा अर्धा भाग पुढे केला, तो तिने खाल्ला. दोन दिवसांत तिच्या पोटात धड काही गेलं नव्हतं.

मिचेल चारशे बारा मतांनी निवडून आला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोरीन लोर्नाच्या दारात उभी, हातात वेलचीचा गोड पाव. माफी मागायची तिला सवय नव्हती.

"अजून गरम आहे," ती म्हणाली.

"ये आत."

कॉफी पिता पिता डोरीनने हळूच विचारलं, "पुढच्या वेळी पण उभी राहशील का? मिचेल म्हणतो, बरं पडेल."

"डोक्यावर पडलीस का गं?" लोर्ना ओरडली, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

डोरीन गेल्यावर लोर्नाने खिडकीबाहेर पाहिलं. बर्फ भुरभुरायला लागला होता आणि आता तो काढणं दुसऱ्या कुणाचं काम होतं.

"वर्नर," तिने हाक मारली, "वाफ घ्यायला सॉना तापव. आज दिवसभर मी कुणाशी एक शब्द बोलणार नाहीये."