कुत्र्याची चाल

काल मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये गुडघ्याला मलम चोळलं आणि त्या वासासरशी मी दिल्लीतल्याच लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या जुन्या सरकारी क्वार्टरमध्ये पोचले.

तेव्हा मी नोएडात अ‍ॅनिमेशन शिकत होते. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर कुत्रा चालवून दाखवायचा होता. नापास झालीस तर कोर्स सोडायचा आणि बँकेच्या परीक्षेला बसायचं, असं बाबांनी बजावलं होतं. माझा कुत्रा मात्र टेबल सरकवल्यासारखा चालत होता. कुठला पाय कधी उचलायचा, तेच कळेना. शेवटी मी स्वतःच फरशीवर रांगायला लागले आणि तेवढ्यात बाबा ऑफिसमधून आले.

त्यांनी डबा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"कुत्रा गुडघे टेकून चालतो का?"

मग ऑफिसच्या पँटवरच ते हातापायांवर वाकले. "अच्छा, घे व्हिडिओ."

मी फोन धरला. बाबा भिंतीपर्यंत गेले आणि परत आले. पाय पडला की त्याच बाजूचा हात पुढे जात होता, शर्टाखाली खांदे आळीपाळीने वर येत होते. तो व्हिडिओ बघून मी त्यांची एकेक हालचाल कुत्र्यात उतरवली.

सकाळी सरांनी पडद्यावर कुत्रा दोनदा चालवून बघितला. "चाल बिल्कुल सही है. पर ये पिछले दाएँ पैर से लंगड़ा क्यों रहा है?"

मी पास झाले. घरातला तो मलमाचा वास आईच्या कंबरेचा, असं मी तोपर्यंत समजत होते.